सोयाबीनचे शंभर दाणे आणि चार टॅब

घाटंजी तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेतल्या मॅडमनी विचारलं आहे. शाळा पहिली ते सातवी, शिक्षक चार. लोकवर्गणीतून घेतलेला ४३ इंची टीव्ही, चार टॅब आणि एक जुना लॅपटॉप आहे. नेट फक्त पाण्याच्या टाकीजवळ येतं. शुक्रवारचा शेवटचा तास संगणकाचा. ‘आता सगळ्याच विषयांत तंत्रज्ञान वापरा असं सांगतात. म्हणजे नेमकं करायचं काय? टीव्हीवर व्हिडिओ लावण्यापलीकडे मला काही सुचत नाही. आणि मोबाइलनं पोरं बिघडली म्हणणाऱ्या पालकांना काय सांगू?’

मॅडम, मी याच जिल्ह्यात २६ वर्षं शिकवलं आणि आता शिक्षकांची प्रशिक्षणं घेतो. तुमच्यासारख्या बऱ्याच शाळा पाहिल्या, त्यातल्या काही माझ्याच होत्या. माझ्या एका शाळेत पाच संगणक होते. त्यांच्यावर कापडी झाकणं, खोलीला कुलूप, आठवड्यातून एकदा तास. सातवीतून बाहेर पडणाऱ्या मुलांना संगणकातली चित्रांची रंगपेटी उघडून घर, डोंगर, सूर्य काढता यायचा. पण त्याच मुलांना ग्रामपंचायतीला चार ओळींचा अर्ज टाइप करता येत नव्हता. खूप उशिरा लक्षात आलं की त्या तासाला करण्यासारखं कामच आम्ही दिलं नव्हतं. काम गणिताच्या, विज्ञानाच्या, मराठीच्या तासाला होतं आणि संगणक शुक्रवारी होता.

मुलांना यंत्र येत नाही हा आपला गैरसमज आहे. ग्रामीण भागातल्या मुलांच्या शिक्षणाची पाहणी करणाऱ्या ‘असर’च्या २०२४च्या अहवालात ग्रामीण भारतातल्या १४ ते १६ वयाच्या ८० टक्क्यांहून जास्त मुलांनी स्मार्टफोन वापरता येतो असं सांगितलं. आधीच्या आठवड्यात अभ्यासासाठी तो वापरलेली मुलं ५७ टक्के, तर समाजमाध्यमांसाठी वापरलेली ७६ टक्के होती. हात सरावलेला आहे. त्या हाताला शाळेनं काय दिलं, हा आपला प्रश्न. नुसती यंत्रं वाटून काय होतं तेही जगानं पाहिलं आहे. पेरू देशात ग्रामीण शाळांतल्या मुलांना लॅपटॉप दिले गेले आणि अभ्यासकांनी मुलांच्या परीक्षा घेतल्या, तेव्हा गणितात आणि भाषेत फरक पडलेला दिसला नाही. म्हणून मी आधी काम ठरवतो आणि मग त्यातल्या कुठल्या पायरीला टॅब लागेल ते पाहतो.

एक काम पूर्ण सांगतो, कारण त्यात जवळजवळ सगळे विषय येतात आणि ते तुमच्या गावात याच महिन्यात करता येईल. सोयाबीनची उगवणशक्ती तपासायची. घरचं बियाणं पेरणारे कास्तकार पेरणीआधी हे करतात किंवा त्यांनी करावं असं कृषी विभागाचे लोक सांगतात. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात मुलांना घरच्या बियाण्यातून मूठभर दाणे आणायला सांगा. कोणतेही शंभर उचलायचे, चांगले-चांगले निवडायचे नाहीत. ओल्या गोणपाटावर दहा ओळी, प्रत्येक ओळीत दहा दाणे. वरून दुसरं ओलं गोणपाट टाकून गुंडाळी करायची आणि सावलीत ठेवायची. आपल्याकडे त्या दिवसांत गोणपाट दुपारपर्यंत कोरडं पडतं. म्हणून गुंडाळ्या शाळेच्या रांजणाजवळ ठेवाव्यात आणि दिवसातून दोनदा पाणी शिंपडावं. सात-आठ दिवसांनी उलगडून निरोगी कोंब मोजायचे.

दहा बाय दहाची ती चादर म्हणजे शेकडेवारीचा धडाच असतो. ६२ दाणे उगवले म्हणजे ६२ टक्के, हे पाचवीतल्या मुलाला वेगळं शिकवावं लागत नाही. सोयाबीनच्या बियाण्याला उगवण किमान ७० टक्के असावी हा मान्य निकष आहे. सत्तर टक्के धरून एकराला ३० किलो बियाणं लागत असेल तर ६२ टक्क्यांच्या बियाण्याचं किती लागेल? तीस गुणिले सत्तर भागिले बासष्ट, म्हणजे साधारण ३४ किलो. हे गणित सातवीच्या मुलांनी आधी वहीत करायचं. मग लॅपटॉपवर तक्ता: घराचा क्रमांक, उगवलेले दाणे, एकरी लागणारं बियाणं. एका रकान्यात सूत्र टाकलं की बावीस घरांचं उत्तर एका क्षणात येतं. एकेक भागाकार हातानं केलेल्या मुलालाच सूत्र म्हणजे काय ते कळतं. तक्ता आधी उघडला तर ती निव्वळ जादू होते.

मग आलेख. इथे थोडं थांबा. आमच्या एका शाळेत मुलांनी स्तंभालेख काढला तेव्हा ६८ टक्क्यांचा स्तंभ ६२च्या स्तंभाच्या चौपट उंच दिसला. एक पोरगी म्हणाली, ‘सर, हे त लबाडी हाय.’ मशीननं उभा अक्ष शून्याऐवजी साठापासून सुरू केला होता. आकडे जवळजवळ असले की तक्त्याची प्रणाली कधी कधी स्वतःहून तसं करते. अक्ष शून्यावर आणला, स्तंभ जवळपास सारखे झाले. पुढे त्याच मुलीनं कीटकनाशकाच्या जाहिरातीतला आलेख आणून दाखवला, त्याचाही अक्ष मधूनच सुरू झालेला. डिजिटल साक्षरता म्हणतात ती हीच, असं मी मानतो. ती संगणकाच्या पुस्तकात सापडली नसती.

त्याच गोणपाटात विज्ञान आहे. एका घराचे दाणे फक्त ४१ उगवले. का? मुलांनी फोटो मोठे करून पाहिले तर बऱ्याच दाण्यांच्या साली तडकलेल्या. सोयाबीनची साल पातळ असते आणि मळणीयंत्र जास्त वेगानं फिरलं की दाण्याला इजा होते. मुलांनी त्या घरी जाऊन मळणी कशी केली ते विचारलं. उत्तर टॅबवर ध्वनिमुद्रित केलं आणि मराठीच्या तासाला ते ऐकून अहवाल लिहिला. फोटो रोज एकाच जागेवरून, एकाच अंतरावरून, शेजारी पट्टी ठेवून काढायचे, हेही शिकवावं लागतं. नाहीतर पहिल्या दिवसाचा फोटो आभाळातून आणि सातव्या दिवसाचा नाकासमोरून येतो आणि तुलना करता येत नाही. शेवटी मुलांनी एक पानाची सूचना टाइप करून पालकांच्या गटावर पाठवायची. त्यात एक वाक्य नक्की असावं: मार्चमधली उगवण जूनपर्यंत टिकेलच असं नाही, पेरणीआधी पुन्हा तपासा.

चार टॅब पुरेसे आहेत. मोजणारे, नोंदणारे, फोटो काढणारे, लिहिणारे असे गट करा आणि रोज कामं बदला. टॅब ज्याच्या हातात आहे त्यानं बोलायचं नाही आणि जो सांगतो त्यानं हात लावायचा नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून पाळा. तो नसला तर टॅब दोन दांडग्या मुलांच्या हातात जातो आणि मुली मागे उभ्या राहून पाहतात. घरीही स्वतःचा फोन मुलग्यांकडेच जास्त असतो. शाळेत तेच झालं तर मुलींना हात लावायला जागाच उरत नाही.

आता तुमच्या बाकीच्या विषयांकडे. मी शाळांना एक सांगतो: प्रत्येक डिजिटल कौशल्याला एक माहेर द्या. ते त्या विषयात शिकायचं आणि बाकी विषयांत वापरायचं. तक्त्याचं माहेर गणित, फोटोचं विज्ञान, टायपिंगचं मराठी. मग चारही शिक्षकांना सगळं यावं लागत नाही.

मराठी टायपिंगबद्दल मला खास बोलायचं आहे, कारण त्याकडे आपण कारकुनी काम म्हणून पाहतो. तिसरी-चौथीच्या मुलाला ‘आशीर्वाद’ लिहायला सांगा, निम्मी मुलं रफार ‘शी’वर देतात. कागदावर रफार वरून ठेवायचा असतो, म्हणून तो कुठेही पडतो. इन्स्क्रिप्ट या भारतीय लिप्यांसाठीच्या प्रमाण कळफलकावर मात्र ध्वनीच्या क्रमानं जावं लागतं: आ, श, दीर्घ वेलांटी, र, हलन्त, व, काना, द. ‘र्’ हा ‘वा’च्या आधी उच्चारला जातो हे बोटाला कळतं. क, हलन्त, ष असं दाबल्यावर पडद्यावर ‘क्ष’ उमटतो तेव्हा जोडाक्षर कशाचं झालं आहे ते पोरांना पहिल्यांदा दिसतं. आणि ऱ्हस्व वेलांटी! ‘सर, ते आधी दिसते मंग नंतर काहून दाबाची?’ हा प्रश्न मला प्रत्येक वर्गात आला. कारण उच्चार आधी व्यंजनाचा असतो. व्याकरणाचा इतका चांगला तास मी फळ्यावर कधी घेतला नाही. इन्स्क्रिप्टमध्ये स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला असतात आणि हीच मांडणी इतर भारतीय लिप्यांनाही चालते. पहिली-दुसरीला मात्र टायपिंग देऊ नका. त्यांचं बोट आधी पाटीवर, मातीत, कागदावर वळू द्या. आणि युनिकोडमध्येच, म्हणजे कुठल्याही संगणकावर तशीच दिसणाऱ्या अक्षरांत, टाइप करायला शिकवा. जुन्या फॉन्टमधलं पत्र तालुक्याच्या संगणकावर उघडलं की अक्षरांचा चिवडा झालेला आपण सगळ्यांनी पाहिला आहे.

मराठीच्याच तासातलं दुसरं काम. यवतमाळ जिल्ह्यात तुमच्या वर्गात कोलामी, गोंडी किंवा गोरमाटी बोलणारी लेकरं असतील. मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत माडिया. त्या भाषेतलं वाचायला आपल्याकडे जवळजवळ काही नसतं. टॅबवर आवाज मात्र घेता येतो. आजीकडून वावरातल्या वीस वस्तूंची नावं मुद्रित करायची, शेजारी फोटो, खाली देवनागरीत मराठी शब्द. दुसरीतलं जे लेकरू वर्षभर खाली मान घालून बसतं, ते त्या दिवशी वर्गाला शिकवतं. टॅबचा याहून चांगला उपयोग मी पाहिलेला नाही.

भूगोलात उपग्रह चित्रावर लोणार उघडा. विवराचा व्यास मोजपट्टीच्या साधनानं मुलांना मोजू द्या, साधारण १.८ किलोमीटर यायला हवा. मग त्याच साधनानं शाळेचं मैदान मोजायचं आणि लगेच बाहेर जाऊन टेपनं पडताळायचं. प्रमाण म्हणजे काय हे त्या फरकातून समजतं. भूमितीत जिओजेब्रा हे मोफत साधन इंटरनेटशिवाय चालतं. पण आधी कागदी त्रिकोणाचे तीन कोपरे फाडून एका रेषेवर लावा आणि मग पडद्यावर शिरोबिंदू ओढून बेरीज १८० अंशच राहते का ते पाहा. इंग्रजीला स्वतःचं वाचन मुद्रित करून ऐकणं पुरे. इतिहास आणि कला यांत ओढूनताणून काही घुसवू नका. जमेल तेव्हा जमेल.

माहिती पडताळणं हे कौशल्य पावसाशी जोडा, कारण आपल्याकडे अफवाही पावसाच्याच येतात. जूनच्या शेवटी विदर्भातल्या शाळा उघडतात तेव्हा पेरण्या चालू असतात. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असा कृषी विभागाचा सल्ला असतो. सरळ कडांच्या बाटलीचं पर्जन्यमापक करा, रोज सकाळी नोंद घ्या आणि तुमच्या महसूल मंडळाच्या अधिकृत आकड्याशी ताडा. आकडे जुळणार नाहीत. का जुळत नाहीत यावर सहावी-सातवीचा एक तास आरामात जातो. मग गटावर आलेला ‘येत्या ४८ तासांत मुसळधार’ असा संदेश घ्या. तारीख कुठे आहे? कोणी म्हटलं? नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राच्या अंदाजात तसं आहे का? हे तीन प्रश्न मुलं घरी घेऊन जातात.

कृत्रिम बुद्धिमत्तेबद्दल तुम्ही विचारलं नाही, तरी सांगतो. तुम्ही स्वतः तिच्याकडून सराव प्रश्न काढून घ्या, तपासून वापरा. मुलांच्या हाती ती सोडू नका. अशा बहुतेक सेवांना वयाची अट असते. सातवीला टीव्हीवर एकदाच दाखवा: तिला आपल्या गावाचा इतिहास विचारा. बहुतेक वेळा ती ठामपणे काहीतरी रचून सांगते आणि मुलं हात वर करून चुका दाखवतात.

वीज आणि नेट हा खरा अडथळा आहे, पण त्याचा हिशोब होतो. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवरची इन्व्हर्टरची बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॉट-अवर. लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवायची नसते आणि थोडी वीज इन्व्हर्टर खातो. हाती सातशेच्या आसपास उरतात. शंभर वॉटचा टीव्ही त्यावर सात तास चालेल, म्हणजे रोज एक तास या हिशोबानं आठवडाभराची बेगमी. नेटसाठी टाकीजवळ मुलांना नेऊ नका. ‘दीक्षा’ या सरकारी शैक्षणिक ॲपवरचे धडे आणि व्हिडिओ एकदाच तुम्ही उतरवून मेमरी कार्डवर घ्या. लॅपटॉपवर कोलिब्री ही मोफत प्रणाली बसवली आणि साधा राउटर जोडला, की चारही टॅब इंटरनेटशिवाय त्यातलं साहित्य उघडू शकतात. तालुक्यातला एखादा तंत्रस्नेही शिक्षक अर्ध्या दिवसात लावून देईल.

उन्हाळ्याचं विसरू नका. एका वर्षी आम्ही टॅब पत्र्याच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात ठेवून सुटीवर गेलो. बाहेर ४५ अंश. जूनअखेर उघडलं तर दोन टॅबच्या बॅटऱ्या फुगून पडदे वर आले होते आणि बाकीचे पार उतरलेले. सुटीआधी टॅब निम्मे चार्ज करा, बंद करा आणि गावातल्या एखाद्या थंड मातीच्या घरात ठेवायला द्या. महिन्यानं एकदा पाहा. आणि लोकवर्गणीतून शैक्षणिक संच विकत घेताना परवाना किती वर्षांचा आहे ते लेखी घ्या. आमच्याकडे एका विक्रेत्यानं बसवलेला संच बरोबर बाराव्या महिन्यात बंद पडला. मजुरी करणाऱ्या आयाबायांनी शंभर-शंभर रुपये दिले होते. मला त्या गोष्टीचा आजही राग येतो.

पालकांचं म्हणणं खोटं नाही, हे आधी मान्य करा. मोबाइलनं पोरं बिघडतात हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं आहे. त्यांना भाषण देऊ नका. पालकसभेत मुलांना उभं करा आणि उगवणशक्तीचा तक्ता दाखवू द्या. ‘तुह्या बियाण्याचं एकरी चौतीस किलो लागते बाबा,’ असं पोरगी म्हणाली की बाप टॅबकडे वेगळ्या नजरेनं पाहतो. दुसऱ्या सभेत मुलांकडूनच पालकांना शिकवा: अनुदानाच्या नावानं आलेली लिंक उघडायची नाही, ओटीपी कोणालाही सांगायचा नाही, पैसे गेले तर लगेच १९३० वर फोन करायचा. मुलांना १०९८ हा क्रमांक पाठ हवा. शाळेनं स्वतःही शिस्त पाळायची आहे. मुलांचे नाव-गावासकट फोटो सार्वजनिक गटांवर टाकणं बंद करा. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते. कायदा नसता तरी हे करायला हवं होतं.

यंदा सगळं करू नका. मार्चमध्ये सोयाबीन, जुलैपासून चौथी ते सातवीला आठवड्यातून दोनदा वीस मिनिटं मराठी टायपिंग, आणि पावसाची वही. शुक्रवारचा तास मोडून त्या मिनिटांत वाटून टाका. मुख्याध्यापकांना वेळापत्रकात कोणत्या विषयाचा कोणता घटक होतो ते लिहून द्या, म्हणजे अडचण येत नाही. आणि दाणे आणताना प्रत्येक पुडीवर घराचा क्रमांक, वाण आणि मळणीचा महिना लिहून आणायला सांगा. पहिल्या वर्षी आम्ही ते सांगितलं नाही. गोणपाटं उलगडली तेव्हा कोणते दाणे कोणाच्या वावरातले हे बावीसपैकी नऊ घरांचं सांगताच आलं नाही.